आता दुखत नाहीये

दातांचा दवाखाना काढायला जागा लागते, कर्ज लागतं, स्थिर हात लागतो. पण काढलेला दवाखाना चालवतं ते दुखणं. डोंबिवली पूर्वेच्या माझ्या दीड खोलीच्या दवाखान्यात तोच माझा भागीदार. भल्या माणसाला रात्री अडीच वाजता अंथरुणात उठवून बसवायचं, घरातल्या लवंगा संपवायच्या आणि सकाळी मी कुलूप काढायच्या आत त्याला पायरीवर आणून सोडायचं, ही सगळी कामं तो बिनबोभाट करतो. जाहिरात नाही, कमिशन नाही. आणि अशा या कष्टाळू भागीदाराला मी पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात हाकलून देते. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

रूट कॅनलमध्ये तर फारच. दाताच्या आतली नस सुजली की तिला फुगायला वाव नसतो, चहूबाजूंनी टणक भिंती. म्हणून ठणका. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून तो नेमका रात्री. भूल देऊन दात उघडला, आतली घाण काढली की दाब मोकळा होतो. मग मी औषध ठेवते आणि वर तात्पुरतं सिमेंट लावून देते. चार रात्री न झोपलेला माणूस खुर्चीतून उठतो आणि हात जोडून म्हणतो, “मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे हो!” हे वाक्य कानावर पडलं की मी मनातल्या मनात त्याला निरोप देते. फार तर दोन-तीन आठवडे टिकावं म्हणून लावलेलं ते सिमेंट आता गणपती बघणार, दिवाळी बघणार, एखादं लग्नही उरकून येणार. मध्ये फोन केलाच तर उत्तर ठरलेलं : “येतो ना मॅडम, पण आता दुखत नाहीये.”

कधी कधी भागीदार आपणहूनच निघून जातो, आणि ते जास्त वाईट. नस पूर्ण मेली की ठणका थांबतो. त्याचं श्रेय मिठाच्या गुळण्यांना किंवा शेजारच्या काकूंनी दिलेल्या कसल्याशा पुडीला जातं. आत जंतू मुळाच्या टोकातून बाहेर पडून हाडाकडे सरकत असतात, पण त्यांचा आवाज नसतो. एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतो, तो मी एका काकांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनजवळ नाक नेलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “मशीन जुनं झालंय का तुमचं?”

हेच काका पहिल्यांदा आले तेव्हा मला विचारत होते, “मोठे डॉक्टर किती वाजता येतात?” मी म्हटलं, आलेत. ते वळून दाराकडे बघायला लागले.

वेळेचं म्हणाल तर आमचं वेळापत्रक मध्य रेल्वे ठरवते. संध्याकाळी पाच ते सात मी आणि आमच्या ताई एकमेकींची तोंडं बघत बसतो. त्या वेळात कुणाचा फोन आलाच तर ताई पहिल्यांदा दहा सेकंद थांबतात, मग घाईघाईत म्हणतात, “मॅडम पेशंट बघतायत. थांबा, जमतंय का विचारते.” आणि माझ्याकडे बघत दुधाच्या पिशवीचा हिशेब करतात. साडेआठला फास्ट लोकल रिकाम्या झाल्या की एकदम सहा माणसं. पाठीवर सॅक, हातात भाजीची पिशवी, आणि प्रत्येकाला पावणेनऊचीच वेळ दिलेली, असं प्रत्येकाचं ठाम मत. जो वेळेत येऊ शकत नाही त्याचं थेट प्रक्षेपण चालू असतं : “मॅडम, ठाणं सोडलं.” “मॅडम, दिवा गेलं, पोचलोच.” रविवारी यायचं तर मेगाब्लॉक.

साडेआठच्या पेशंटची एकच गोष्ट मला खरोखर जमत नाही, ती म्हणजे कॅपचा रंग बघणं. समोरच्या दाताची कॅप करायची तर शेजारच्या दाताशी रंग जुळायला हवा, आणि ट्यूबलाइटखाली सगळेच दात खोटं बोलतात. आमच्याकडे शेड गाइड असते. सोळा छटांचे सोळा दात एका पट्टीत ओवलेले, ए वन, ए टू, बी वन अशी त्यांची नावं. ती दिवसाच्या उजेडात धरून बघायची. आमच्या खोलीत दिवसाचा उजेड येत नाही, तो बिल्डरने दुसऱ्या विंगला दिला. मग मी पेशंटला दिवसा बोलावून बाहेर गेटपाशी नेते. तो आ करून रस्त्याकडे तोंड करून उभा, मी टाचा उंचावून त्याच्या ओठाशी एकेक दात धरतेय, त्याची बायको मागून म्हणतेय, “त्याहून पांढरा नाही का? पैसे तेवढेच ना?” मी समजावते की एकच दात पांढरा शुभ्र झाला तर तोच लांबून दिसेल. तेवढ्यात वॉचमन खुर्चीसकट सरकतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, “मॅडम, ए थ्रीच घ्या.” एवढ्या वर्षांत त्याची नजर तयार झाली आहे. गुपित म्हणून सांगते, त्या दिवशी मी लॅबच्या चिठ्ठीवर ए थ्रीच लिहिलं.

वरच्या मजल्यावरच्या आजोबांशी मात्र माझं जुळलं नाही. त्यांचा आक्षेप माझ्या कॉम्प्रेसरवर. दात कोरायचा तो सूंऽऽ करणारा एअरोटर हवेवर चालतो, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो; ती हवा कॉम्प्रेसर पुरवतो, आणि टाकी भरायला तो नेमका दुपारी दोनला धडधडायला लागतो. मी त्याच्याभोवती फोमची पेटी केली. आजोबा म्हणाले, आता आवाज येत नाही, पण येईल असं वाटून झोप येत नाही. यावर माझ्याकडे औषध नाही.

बाकी किरकोळ. वरची दाढ काढली की नजर जाते, दात साफ केले की हलायला लागतात, या दोन समजुतींशी रोज थोडी थोडी कुस्ती असते. पहिलीत काही तथ्य नाही. दुसरीतली गंमत अशी, की किटणामुळे हिरडी आणि हाड आधीच मागे सरलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या किटणाने दात एकमेकांना घट्ट धरून ठेवलेले असतात, ते काढलं की आधीचं हलणं उघडं पडतं. आळ माझ्यावर येतो. डिसेंबरात अमेरिकेतली मुलं सुट्टीवर येतात आणि बारा दिवसांत अख्खं तोंड नवं करून मागतात, तिथे परवडत नाही म्हणून. या लोकांचं मला कौतुक आहे. विमानाचं तिकीट हातात असलेला पेशंट एकही तारीख चुकवत नाही.

इथल्यांना विमान नाही. त्यांच्यासाठी ताई आहेत. महिन्यातून एकदा त्या जुनी वही काढतात, अर्धवट रूट कॅनलवाल्यांची यादी करतात आणि फोनला बसतात. मी करायचे तेव्हा नीट समजावून सांगायचे : संसर्ग, हाड, कॅप न बसवल्यास दात तुटण्याची शक्यता. लोक ऐकून घ्यायचे, आभार मानायचे आणि यायचे नाहीत. ताईंची पद्धत वेगळी.

“दादा, दवाखान्यातनं बोलतेय. नाही नाही, पैशांचं काही नाही. मॅडम विचारत होत्या, सूज आली का तुम्हाला?”

पलीकडून काहीतरी.

“नाही ना? मग बरंय. नाही हो, सहजच विचारलं. गालाला हात लावून बघा बरं, उजव्या. नाही ना? झोपताना बघा मग एकदा.”

फोन ठेवून ताई चहा गाळायला उठतात. कपात चहा पडायच्या आत फोन वाजतो. ताई सवयीप्रमाणे दहा सेकंद थांबतात, मग माझ्याकडे न बघताच म्हणतात, “उद्या जागा नाहीये हो दादा. पावणेनऊला बघू का?”