उतरंडीचे मास्तर

काही माणसं आकडे दिसले की बेरीज करतात. आमचे ग्राफ मास्तर रेघ ओढतात. एका रेघेवर थांबतील तर ते मास्तर कसले! पहिलीच्या डोक्यावर दुसरी, दुसरीच्या डोक्यावर तिसरी, अशा रचत जातात. गावाने या प्रकाराचं नाव उतरंड ठेवलं आणि मास्तरांनी ते आनंदाने स्वीकारलं. पुण्याच्या कंपनीत असताना ज्या चित्राला चार इंग्रजी शब्द लागायचे त्याचं तलवाड्यात एकाच शब्दात भागलं, असं ते म्हणतात.

तलवाडा गेवराई तालुक्यातलं, त्वरितादेवीचं गाव. देवी त्वरिता असली तरी मास्तरांकडून ग्राफ त्वरित मिळाल्याचं कोणी ऐकलेलं नाही. त्यांचं दुकान म्हणजे पुढे झेरॉक्स, सातबारा, पीकविम्याचे अर्ज आणि मागे भिंतीवर संख्याशास्त्राची पदवी. सातबारा काढायला आलेला माणूस न्यूझीलंडला जाऊन परत येतो. तिकडे ऑकलंडच्या विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकात आर नावाची संगणकाची भाषा तयार केली आणि जगाला फुकट देऊन टाकली. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली, म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा. गिऱ्हाईक हे सगळं ऐकतं आणि विचारतं, "फुकट दिली? मग कायतरी खोट असंल तिच्यात."

मास्तरांचं मूळ दैवत मात्र आणखी जुनं आहे. "आपल्या राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला १७६३ साली," ते सुरू करतात, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं आता पेशव्यांचं काहीतरी येणार. "त्यानंतर तेवीस वर्षांनी, १७८६ मध्ये, विल्यम प्लेफेअरने आयात-निर्यातीच्या रेघा पुस्तकात छापल्या." हा प्लेफेअर त्याआधी जेम्स वॉटच्या हाताखाली आराखडे काढायचा. मास्तरांना या गोष्टीचं फार अप्रूप. वाफेच्या इंजिनाला जो माणूस जवळून पाहतो आणि तरी शेवटी रेघांकडे वळतो, तो आपल्याच जातकुळीचा, असं त्यांचं ठाम मत आहे.

उतरंड करायची म्हणजे संगणकाला काय सांगायचं, तेही ते कोणालाही सांगतात. आरमधलं जीजीप्लॉट हे हत्यार घ्यायचं, आडव्या अंगाला तारीख, उभ्या अंगाला लिटर, आणि रेघ काढताना पोझिशन स्टॅक असं स्पष्ट लिहायचं. ते विसरलं तर रेघा रचल्या जात नाहीत, प्रत्येक जण आपल्या शून्यापासून एकटा चालू लागतो. खरं तर अशा कामाला रेघांच्या मधली जागा रंगाने भरतात, म्हणजे कोणाचा पट्टा किती जाड ते कळतं. पण रंगाला शाई लागते आणि शाईला पैसे. म्हणून मास्तरांच्या उतरंडीत नुसत्या काळ्या रेघा असतात. गावातली निम्मी भांडणं या काटकसरीतून निघाली आहेत.

सगळ्यात गाजलं ते दुधाचं. थोरले आप्पा, मधले नाना आणि धाकटे बापू, तिघेही एकाच संकलन केंद्रावर दूध घालतात. मास्तरांनी चोपडीवरून वर्षाची उतरंड काढली. संगणक नावं आपली वर्णानुक्रमे घेतो आणि पहिल्याला वर बसवतो. आप्पा वर, नाना मध्ये, बापू तळाला. वयाचा मान आपोआप राखला गेला म्हणून सगळे खूश. पुढे बापूंची जर्सी व्याली, दूध वाढलं, तळाची रेघ चढली आणि तिच्यावरच्या दोन्ही रेघा आपसूक वर गेल्या. आप्पांची म्हैस तेव्हा आटत आली होती. पण आप्पांची रेघ पाहावी तर डोंगर चढलेली! आप्पांनी तो कागद जावयाला दाखवला.

बापू दुकानात आले ते तावातावाने. "मास्तर, दूध माझं वाढलं अन् रेघ त्यांची चढली, हे कसं काय?"

"बापू, वरच्या रेघेची उंची म्हणजे तिघांचं मिळून दूध. आप्पांचं दूध म्हणजे वरच्या आणि मधल्या रेघेतलं अंतर."

"मग माझी रेघ तळाला काहून?"

"तळाचीच रेघ शून्यावर उभी असते. या कागदावर जशी आहे तशी वाचता येते ती तुमची एकट्याची."

गणिताच्या दृष्टीने यापेक्षा मोठा सन्मान नाही. पण भावकीत तळाची जागा सन्मानाची आहे हे पटवणं प्लेफेअरलाही जमलं नसतं. शेवटी मास्तरांनी एकाच दुधाचे तीन कागद काढले. प्रत्येकात वेगळा भाऊ वर. तिघांनी आपापला कागद लावला आणि घरात शांतता झाली. दूध तेवढंच राहिलं.

थोड्या दिवसांनी एक चमत्कार झाला. आप्पांच्या कागदावर दोन दिवस त्यांची रेघ चक्क नानांच्या रेघेखाली गेली. उतरंडीत वरचं मडकं खालच्याच्या खाली जाऊ शकत नाही. मास्तर रात्रभर कोड तपासत बसले. कोड बरोबर होता. त्या दोन दिवसांत नानांच्या नावावर नोंदच नव्हती. संगणकाने नानांची रेघ पलीकडच्या तारखेपर्यंत सरळ ओढून घेतली आणि आप्पांची मात्र नानांना वगळून फक्त बापूंच्या डोक्यावर ठेवली. मास्तर नानांकडे गेले, म्हणाले, दूध नव्हतं तर शून्य लिहायला हवं होतं. नाना गप्प. नानांच्या घरच्या काकू मात्र म्हणाल्या, "दूध व्हतं की. शेजारच्या डेअरीनं फॅटला जास्त भाव लावला व्हता." गावाला आर भाषेचा धाक बसला तो त्या दिवसापासून.

शून्य आणि एनए यांतला फरक हा मास्तरांचा जिव्हाळ्याचा विषय. म्हैस आटली हे शून्य. मोजलंच नाही, लिहिलंच नाही, ते एनए. आणि एनएमध्ये पाच लिटर मिळवले तरी उत्तर एनएच येतं. एकदा त्यांनी संकलन केंद्राला महिन्याची एकूण बेरीज एनए अशी छापून दिली. सचिव कपाळाला हात लावून म्हणाले, "मास्तर, महिनाभराचं दूध गेलं कुठं?" मास्तर शांतपणे म्हणाले, "ते तुमच्या चोपडीला विचारा." मला विचाराल तर सरकारी तक्त्यांमध्ये एवढा प्रामाणिकपणा आला तर अर्धे तक्ते कोरेच निघतील.

निवडणुकीच्या आधी एक होतकरू पुढारी आले. त्यांना कापूस, सोयाबीन आणि तुरीचे पाच वर्षांचे भाव एकावर एक रचून हवे होते, म्हणजे फ्लेक्सवर रेघ उंच दिसेल. मास्तरांनी हात जोडले. "भावांची उतरंड होत नाही. कापसाचा भाव अधिक तुरीचा भाव, या बेरजेला विकत कोण घेणार?" पुढारी हिरमुसले. तेव्हा मास्तरांनी गंमत म्हणून स्टॅकऐवजी फिल लिहून दाखवलं. त्यात फक्त वाटे दिसतात आणि एकूण नेहमी शंभर टक्के भरतं, मग पीक बुडालेलं असो की पिकलेलं. सगळ्यात वरची रेघ पाचही वर्षं शंभरावर सपाट. पुढाऱ्यांचा चेहरा उजळला. फ्लेक्स लागला, त्यावर लिहिलं होतं, सलग पाच वर्षे शंभर टक्के. फ्लेक्सवरची बाकीची अक्षरंही पाहण्यासारखी होती, कारण मराठी फॉन्ट जुळला नव्हता आणि प्रत्येक पहिली वेलांटी अक्षर ओलांडून उजवीकडे जाऊन बसली होती. फॉन्टचं कोडं मास्तरांना पुढे सुटलं, फ्लेक्स तोवर फाटला होता.

मास्तर निरुत्तर झाल्याचं मी एकदाच पाहिलं. दसरा झाला की आमच्या भागातले कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात ऊस तोडायचा. मास्तरांनी महिन्यागणिक उतरंड काढली. खाली गावात असलेली माणसं, वर उसाला गेलेली. दिवाळीच्या सुमाराला खालची रेघ घसरते, वरची सरळच्या सरळ, कारण बेरीज तीच. मास्तरांच्या मते त्यांच्या हातून निघालेली ही सर्वांत सुबक उतरंड होती. निराधार योजनेच्या कागदांसाठी आलेल्या एका आजीने ती निरखून पाहिली.

"ही वरली रेघ सरळ हाय. म्हंजी कोणी गेलंच न्हाई का?"

"गेले की आजी. पण माणसं गावचीच ना, म्हणून बेरजेत धरली."

"मग रातीला माझ्या छातीत दुखलं तर त्या वरल्या रेघंतलं कोण येतं?"

मास्तरांनी कोड उघडला, वरच्या रेघेची ओळ पुसली आणि एकच रेघ छापली. तो कागद त्यांनी ग्रामपंचायतीत नेऊन दिला. तिथे तो कोणत्या तरी फायलीत आहे.

बाकी मास्तरांचं चालू आहे. दरवर्षी जून ते सप्टेंबरच्या पावसाची उतरंड निघते. तलवाडा मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर भरले की अतिवृष्टी धरतात, म्हणून चौसष्टवर थांबलेल्या दिवशी ते पावसाशीही वाद घालतात. तुम्हाला काही काढून घ्यायचं असेल तर जरूर जा, पैसे फक्त झेरॉक्सचे घेतात. एवढंच करा, वही नेण्याआधी रिकामे रकाने पाहून घ्या, आणि जिथे काही नव्हतं तिथे शून्य लिहा. जिथे लपवायचं असेल, तिथली वही घरीच ठेवा.