पुढच्या सणाचा माणूस

आमच्या घरातल्या फोनांमध्ये एकाच माणसाचा नंबर चार नावांनी आहे. माझ्याकडे ‘आंबेवाले शेठ’, बायकोकडे ‘गणपती बुकिंग’, मुलीकडे ‘कंदीलवाले काका’ आणि आईच्या फोनमध्ये नुसतंच ‘कुरडया’. एकदा आई आतल्या खोलीत फोनवर कुरडयांचा भाव करत होती आणि मी बाहेरून पेटीचा भाव विचारायला फोन लावत होतो. लागेना. ‘‘शेठचा फोन कधीचा बिझी आहे,’’ असं मी वैतागून म्हणालो, तर आई म्हणाली, ‘‘माझाही मेला कुरडयावाला सारखा ‘आजी, दुसरा फोन येतोय’ म्हणतोय.’’

असा एक शेठ पुण्याच्या दर पेठेत असतो. पेठा सोडून कोथरूड-सिंहगड रोडला राहायला गेलेल्यांनी जुन्या कपाटांबरोबर आपापला शेठही तिकडे नेलेला आहे. शेठ म्हणजे पैसेवाला असं मात्र कुणी समजू नये. गिऱ्हाइकाला भाव उतरवून हवा असला की ते समोरच्याला शेठ म्हणतं, त्यातून चिकटलेलं हे नाव. वाडा पाडून उठलेल्या इमारतीच्या जिन्यालगत एक चिंचोळा गाळा, आत एक ट्यूब, एक स्टूल, एक काटा आणि दारावर पत्र्याची पाटी. पाटीवरची खालची ओळ, ‘योग्य दरात मिळतील’, ऑइलपेंटने कायमची रंगवलेली. वरची ओळ खडूची. जुनं पुसलंय आणि नवं लिहायचंय अशा दिवशी दारावर ‘योग्य दरात मिळतील’ एवढंच उरतं, आणि तेवढ्यावरही दोन-चार पुणेकर ‘काय?’ म्हणून विचारून जातात. शेठ त्यांनाही रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. मागच्या सणाचं काहीतरी शिल्लक असतंच.

शेठचं वर्ष म्हणजे जानेवारीत हलव्याचे दागिने आणि हळदीकुंकवाची वाणं, मग पिचकाऱ्या, पिचकाऱ्या आवरतायत तोवर पाडव्याच्या साखरगाठी, गाठींच्या मागोमाग आंबा आणि त्यालाच लागून बायकोच्या बहिणींनी वाळवलेल्या कुरडया-पापड्या. पुढे छत्र्या, राख्या, झेंडे, गणपती, झेंडू, पणत्या, कंदील. हे ऐकायला सोपं आहे. गोम अशी की यातला कुठलाच माल त्या त्या महिन्यात घेता येत नाही. पिचकाऱ्या बोहरी आळीतून तिळगुळाच्या धामधुमीतच उचलायच्या. रेनकोट उन्हाळ्यात सांगून ठेवायचे. आणि मूर्तींचा बयाणा द्यायला पेण, हमरापूर, जोहे अशी फेरी मारायची तीही ऐन आंब्यात. त्यामुळे शेठ अंगाने चालू सणात आणि डोक्याने पुढच्या सणात असतात. एप्रिलच्या टळटळीत दुपारी, कपाळावरचा घाम निथळत असताना, ते फोनवर कुणाला तरी ‘लहान मुलांच्यात बेडकाचं डिझाइन ठेव, मागच्या पावसात बदक बसलं’ असं सांगताना मी ऐकलेले आहेत.

पैशाचंही तसंच. शेठचे पैसे कधी पैशाच्या रूपात पाहायला मिळत नाहीत. पिचकारीतून सुटले की ते आंब्यात जातात, आंब्यातून छत्रीत, छत्रीतून मूर्तीत, मूर्तीतून कंदिलात. वर्षअखेरीला काय राहिलं असं विचारलं तर शेठ गाळ्याच्या पोटमाळ्याकडे बोट दाखवतात. तिथे राहिलेलं असतं: किल्ल्यावर मांडायचे सत्तर-ऐंशी मावळे, एक टोपली राख्या आणि बदकाचे रेनकोट.

पण शेठ पाहावेत ते आंब्यात. गाळ्यात फरशीवर भाताचा पेंढा, त्यावर आंब्याची आढी, वर गोणपाट. सकाळी गोणपाट उचललं की वास थेट कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत जातो आणि तीच त्या दिवसाची जाहिरात. शेठ आंबा हातात घेतात तो चार बोटांच्या ओंजळीत. अंगठा लांब. देठाशी नाक नेतात, क्षणभर थांबतात आणि ‘उद्या संध्याकाळी’ असा निकाल देतात. दुसऱ्या आंब्याला ‘आज रात्री, पण जेवणानंतर’. गिऱ्हाईक मात्र येतं ते अंगठा परजूनच. ‘आंबा दाबू नये’ अशी सूचना लावून काही झालं नाही, तेव्हा शेठनी कडेला दोन आंबे खास दाबण्यासाठी म्हणून ठेवले. संध्याकाळपर्यंत त्यांचा मिल्कशेक होतो, तो शेठ स्वतः पितात. हंगामातला त्यांच्या वाट्याचा आंबा एवढाच.

‘‘देवगडच ना?’’ हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, ज्याला देवगड नकाशावर दाखवता येणार नाही तोही. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं ते नाव राखलं गेलं, ते आमच्या आळीत तरी शेठइतकं मनावर घेतलेला माणूस नाही. ते पेट्या तीन ढिगांत लावतात. ‘‘हा देवगड. हा रत्नागिरी. आणि हा कर्नाटक. खायला काही वाईट नाही, फक्त पाहुण्यांना सांगू नका.’’ तिसरा ढीग सगळ्यात आधी संपतो. पाहुण्यांना कुणी सांगत असेल असं वाटत नाही.

साका निघाला तर आंबा बदलून देण्याचं त्यांचं वचन आहे. साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावर कळतो, त्यामुळे हे वचन देणारा माणूस पुण्यात धंदा करतो यालाच मी धाडस म्हणतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे बँकेतून रिटायर झालेले काका एकदा पिशवीत तीन कोयी घेऊन आले आणि यांच्या आत साका होता असं म्हणाले. ‘‘आणि गर?’’ शेठनी विचारलं. ‘‘तो रसात गेला. पण चव नव्हती,’’ काका म्हणाले. शेठनी दीड आंबा दिला. अर्धा तिथेच कापून.

याच काकांचा शेठवर मोठा आक्षेप आहे. माणसाने एक काहीतरी धरावं, हे एक ना धड भाराभर चिंध्या. शेठ त्यावर म्हणतात, भाराभर असल्या तर चिंध्यांचेही पैसे होतात. मला काकांपेक्षा शेठचं पटतं, आणि त्याला कारण समोरची बाजू आहे. शेठच्या समोर कॅसेटचं दुकान होतं. मग त्याच गाळ्यात सीडीचं आलं, मग एसटीडी बूथ, मग मोबाइल रिचार्ज. प्रत्येकाने एक काहीतरी धरलं होतं आणि प्रत्येकाचा कायमचा बोर्ड झकास होता. शेठ कुठल्याच धंद्यात तो जुना होईपर्यंत थांबत नाहीत. पावणेदोन महिन्यांत कशाची फॅशन जाणार?

त्यांना गाठलं ते फक्त हवामानाने. आंबा, पाऊस आणि संक्रांत सूर्याच्या हिशेबाने येतात. राखी, गणपती आणि दिवाळी चंद्राच्या. चंद्राचं वर्ष सुमारे अकरा दिवसांनी तोकडं, म्हणून सण दरवर्षी तेवढे अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की धाडकन पुढे जातात. २०२३ ला अधिक श्रावण होता, गणपती १९ सप्टेंबरला आले. पुढच्या वर्षी ७ सप्टेंबर. २०२५ ला २७ ऑगस्ट. हे सगळं शेठना तोंडपाठ आहे. नव्या वर्षाचं कालनिर्णय हाती पडलं की बाकीचे मागच्या पानावरचं राशिभविष्य वाचतात, शेठ पेन्सिलीने दोन सणांमधले दिवस मोजतात. पण पाऊस कालनिर्णय वाचत नाही. २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबई-पुण्यात येऊन उभा राहिला. शेठच्या गाळ्यात त्या दिवशी आंब्याची आढी भरलेली आणि रेनकोट अजून बोहरी आळीतल्या गोदामात. पायरीवरून आत आलेल्या पाण्याने खालचा पेंढा भिजला. वर लोकांचा समज असा की पाऊस पडला, आंबा संपला. शेठ दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत होते, ‘‘अहो, मृग ८ जूनला आहे. हा पाऊस पंचांगाला धरून नाही. अजून तेरा दिवस आंबा चालतो.’’ ऐकणारा भिजत होता आणि त्याला छत्री हवी होती. नेमकी तीच नव्हती. शेवटी पोटमाळ्यावरून बदकं उतरली. त्या आठवड्यात आमच्या आळीतली मोठमोठी माणसं पिवळ्या चोचीचे, बाह्या कोपरापर्यंत येणारे रेनकोट डोक्यावर धरून दूध आणायला जात होती, आणि प्रत्येकाच्या हातात शेठनी निम्म्या भावात गळ्यात मारलेला एक डझन मऊ आंबा होता.

त्या वर्षी ऑगस्टनेही त्यांची दमछाक केली. ९ तारखेला राखी, १५ ला झेंडे, २७ ला गणपती, आणि गाळा एवढासाच. आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या एकावर एक रचून, वर लाल कापड टाकून मूर्तींच्या पायऱ्या केलेल्या. मूर्तींच्या मधल्या जागेत राख्यांचे पुठ्ठे आणि दोरीवर झेंडे. एका छोट्या मूर्तीच्या हातात कुणीतरी राखी बांधून ठेवली होती. ती तशीच बुक झाली आणि राखीचे वेगळे पैसे लागले.

गणपतीच्या दिवसांत शेठचा आवाज उतरतो. घासाघीस होतेच, पण देवासमोर होते म्हणून दोन्ही बाजूंनी कुजबुजत. शाडूची मूर्ती हवी, पण हलकी हवी. डोळे प्रेमळ हवेत, पण आमच्या मुलाकडे पाहणारे हवेत. शेठ शांतपणे सांगतात, डोळ्यांची आखणी पेणचा माणूस करतो, तुमचा मुलगा त्याने पाहिलेला नाही. बुक झालेल्या मूर्तीच्या पाटाला नावाची चिठ्ठी लागते. पूर्वी शेठच्या घरच्या मूर्तीला चिठ्ठी नसायची. घरचीच आहे, कोण नेणार म्हणून. एका चतुर्थीला पहाटे एक नवीन जोडपं रडकुंडीला येऊन म्हणालं, कुठेच मूर्ती मिळत नाही. शेठनी घरची देऊन टाकली, आणि पूजा सांगायला गुरुजी दारात आले तेव्हा यजमान सोवळ्यातच स्कूटर काढून कसब्यातल्या कुंभारवाड्याकडे निघाले होते. आता वहिनी, म्हणजे शेठच्या बायको, आदल्या रात्री घरची मूर्ती आमच्याकडे ठेवायला देतात. आमच्या दाराला आतून कडी लावायलाही सांगतात.

वहिनींची वही हा खरा कारभार. कुणाचा बयाणा आला, कुणाची उधारी कंदिलापासून गाठीपर्यंत लांबली, सगळं त्यात. शेठच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्तही याच वहीतून निघाला. मे महिन्यात आंबा, चातुर्मासात लग्न नाही, म्हणून तुळशीचं लग्न ते संक्रांत एवढीच फट मोकळी. त्यात गुरुजींनी मार्गशीर्षातला दिवस काढून दिला. लग्न थाटात झालं. आहेर घेणार नाही असं पत्रिकेत छापलं होतं, पण परतभेट होती. बायकांना वाणाच्या स्टीलच्या वाट्या, पुरुषांना घडीची छत्री आणि मुलांना प्रत्येकी दोन मावळे. पोटमाळा त्या दिवशी दिसला तेवढा मोकळा मी आधी किंवा नंतर पाहिलेला नाही. जावईबापूंनी हौसेने आत डोकावून ‘बाबा, इथे ऑनलाइनचं काही करता येईल,’ असं म्हटलं. पुढच्याच संक्रांतीला ते हलव्याच्या दागिन्यांचे खोके घेऊन जिने चढताना दिसले.

२०२५ च्या अनंत चतुर्दशीला संध्याकाळी आम्ही घरचा गणपती घेऊन नदीकाठच्या हौदावर गेलो होतो. गर्दी, गुलाल, ढोल. आरती झाली आणि बाप्पांनी पुढच्या वर्षी लवकर यावं म्हणून सगळ्यांनी एका सुरात गजर केला. माझ्या शेजारी शेठ रिकामा पाट घेऊन उभे होते. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘लवकर कुठले येतायत! १४ सप्टेंबर. चांगले अठरा दिवस उशीर आहे. अधिक ज्येष्ठ आहे ना, १७ मे ते १५ जून.’’

मी म्हटलं, मग मध्ये महिनाभर तुम्हाला धंदा काय?

‘‘वा! अधिक महिना आणि आंबा एकत्र. असा योग रोज येतो का? जावयाचा बॉक्स काढतोय. तेहतीस अनारसे, एक डझन हापूस, वर तांब्याचा दिवा.’’ एवढं बोलून त्यांनी आमच्या मुलीकडे एकवार पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘तुमच्याकडे काही जमतंय का हो? मार्गशीर्षात उरकलंत तर पहिलाच धोंडा सापडतोय. भावाचं आपण बघू.’’