बटणं तीन दिवसांत, धडा कधी?

‘स्टोरीलाइन किती दिवसांत येतं?’ असं ई-लर्निंगचे धडे बनवायच्या या सॉफ्टवेअरबद्दल दर महिन्याला कुणी ना कुणी मला विचारतं. कुणी शाळेतली नोकरी सोडून ई-लर्निंगमध्ये येऊ पाहणारी शिक्षिका असते, कुणी नुकता पदवीधर. जाहिरातीत त्यांनी वाचलेलं असतं, ‘सात दिवसांत मास्टर व्हा.’ ही फसवणूक आहे.

पॉवरपॉइंट येत असेल तर तोंडओळखीला तीन दिवस पुरतात. बटण ठेवा, ट्रिगर जोडा, दाबलं की लेअर उघडेल. पहिली दमछाक होते ती व्हेरिएबलपाशी. शिकणाऱ्यानं मागे काय निवडलं ते लक्षात ठेवून पुढचा प्रसंग बदलायचा असतो, आणि ट्रिगरचा क्रम एका ओळीनं वरखाली झाला तरी सगळं कोलमडतं. रोज काम मिळालं तर यात हात बसायला तीन-चार महिने लागतात. कॅप्टिव्हेट या दुसऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच.

खरी परीक्षा त्यानंतर. आमचा एक लांबलचक धडा एका कंपनीच्या प्रशिक्षण-प्रणालीवर चढला. लोक अर्ध्यात बंद करायचे, दुसऱ्या दिवशी उघडायचे, तर धडा पहिल्या पानावर! दोन दिवस आम्ही ट्रिगर तपासत बसलो. दोष तिथे नव्हताच. धडा स्कॉर्म 1.2 या, धडा आणि प्रणाली जोडणाऱ्या मानकात प्रकाशित केला होता. 2001 च्या या मानकात शिकणारा कुठे थांबला हे साठवायला 4,096 अक्षरांचीच जागा असते. आमच्या धड्यात ती भरून वाहत होती. नंतरच्या स्कॉर्म 2004 च्या तिसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा 64,000 पर्यंत गेली. धडा त्यात प्रकाशित केला आणि प्रश्न सुटला. हे कुठल्याही मेनूत लिहिलेलं नसतं.

मराठी आवृत्ती करायला घ्या, मग आणखी कळतं. संहिता जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आली तर स्लाइडवर चिकटवताच अक्षरांची खिचडी होते, आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागते. निवेदनाची लांबी बदलते, म्हणून टाइमलाइनवरचं प्रत्येक चित्र नव्या आवाजाशी पुन्हा जुळवावं लागतं. शिकवणीत याला अर्धा तासही देत नाहीत.

आणि हे सगळं आलं तरी शिकवता येतं का? हप्ता थकलेल्या शेतकऱ्याशी बँकेच्या कारकुनानं कसं बोलावं, हा धडा घ्या. तीन पर्याय लिहायचे आहेत. त्यातले दोन चुकीचे, पण कारकून खरोखर करतो तसे चुकीचे हवेत. त्यासाठी शाखेत जाऊन बसावं लागतं. ज्यांनी हे कधी केलं नाही, त्यांचं सॉफ्टवेअर दहा वर्षांनीही कच्चंच राहतं. याचा मोठा दोष मी काम देणाऱ्यांना देते. ‘पीपीटी घ्या, पुढे-पुढे बटण लावा, शेवटी पाच प्रश्न, शुक्रवारी द्या’, एवढंच मागितलं तर माणूस वाढणार कसा?

शिवाय नुसत्या अवजारावर विसंबून चालत नाही, अवजारं तर जातातच. 1987 चं ऑथरवेअर 2007 मध्ये थांबलं. 2020 अखेर फ्लॅश संपलं आणि हजारो धडे उघडेनासे झाले. ज्यांना प्रसंग रचता येत होता, त्यांनी नवं अवजार लवकर उचललेलं मी पाहिलं आहे.

माझा हिशेब असा: हात बसायला चार महिने, आणि एकटीनं अख्खा धडा उभा करायला, खरे शिकणारे समोर असतील तर, किमान दोन वर्षं.

तेव्हा फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला सांगा, तुमच्या विद्यार्थ्यानं केलेला एक मराठी धडा माझ्या मोबाइलवर उघडा. अर्ध्यात बंद करा. पुन्हा उघडा. तिथूनच सुरू झाला, तरच पैसे द्या.