हवेतल्या हवेत

बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’त दोन बाण निघायचे, रमतगमत समोरासमोर यायचे, टक्कर द्यायचे आणि विझायचे. तेवढ्यात आमच्या काकांचा चहा पिऊन व्हायचा. आज तेच बाण ते नातवाला यूट्यूबवर दाखवतात. नातू हसतो, काका हात जोडतात.

‘‘ग्राफिक्स काय बघतोस, संवाद ऐक!’’

यात तथ्य आहे. संवाद राही मासूम रझांचे आणि काळाचा आवाज हरीश भिमाणींचा. कृष्ण झालेले आपले नितीश भारद्वाज तर शिक्षणाने गुरांचे डॉक्टर. गोकुळासाठी याहून योग्य माणूस कुठून आणणार?

पण खरी मोहिनी वेगळीच. १९८८ ते १९९० या काळात, अवघ्या ९४ भागांत, कौरव-पांडव जन्मले, वाढले, जुगार खेळले, वनवासाला गेले आणि अठरा अक्षौहिणी सैन्य संपलंसुद्धा. हल्लीच्या मालिकेत एवढ्या भागांत सुनेचं हरवलेलं मंगळसूत्र सापडत नाही. (सापडलंच तर ते खोटं निघतं.)

परवा काकांचा चौऱ्याण्णवावा भाग पाहून झाला. सोमवारपासून पुन्हा शंतनू, पुन्हा गंगा.