अण्णांची दुर्बीण आणि काकूंची नळी

अहो वहिनी, कपडे वाळत घालून झाले की जरा कुंपणापाशी या. मोठ्यानं बोलता येत नाही, अण्णांच्या गॅलरीत सगळं ऐकू जातं.

त्यांनी मुंबईहून पितळी दुर्बीण आणलीय, कळलं असेलच. चोरबाजारातून. मटन स्ट्रीटला म्हणे तासभर घासाघीस केली. आकडा सांगत नाहीत, पण त्यांच्या सौ. भाजीच्या गाडीवर बोलून गेल्या की तेवढ्यात नवा फ्रिज आला असता. लाकडी पेटी, आत लाल मखमल, झाकणावर पितळी नांगर. आणि नळीवर ठसठशीत इंग्रजीत कोरलंय, 'व्हिक्टोरियन मरीन टेलिस्कोप, लंडन, 1915'. लिलावात काढली तर लाखांत जाईल म्हणतात.

आता तुम्हीच सांगा, व्हिक्टोरिया राणी वारली 1901 च्या जानेवारीत. 1915 साली तिचा नातू, पाचवा जॉर्ज, गादीवर. मग ही व्हिक्टोरियाच्या काळातली कशी? आणि त्या काळी दुर्बीण बनवणारा स्वतःच्याच मालावर 'व्हिक्टोरियन' असं कशाला कोरेल? तो आपलं नाव घालणार, गाव घालणार, फार तर एखादा नंबर.

मी काही बोलले नाही. पण सगळी नोकरी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये भिंगं पुसण्यात गेलेली, हात शिवशिवले. म्हटलं, अण्णा, बघू जरा. पडदे ओढले, पुढचं भिंग कड्यासकट फिरवून काढलं आणि त्यावर मोबाइलचा टॉर्च धरला. भिंगात दिव्याची किती प्रतिबिंबं दिसतात ती मोजायची. साधं एकच भिंग असेल तर दोन, पुढच्या अंगाचं एक नि मागच्या अंगाचं एक. चांगल्या जुन्या दुर्बिणीला पुढे जोडभिंग असतं, एक क्राउन काचेचं, एक फ्लिंट काचेचं. दोघांत फट असेल तर चार दिसतात. चिकटवलेली असतील तर तीन, आणि त्यातलं एक इतकं फिकट की मान तिरकी करून शोधावं लागतं. अण्णांच्यात दोन. टॉर्च सगळीकडून फिरवला, दोनच.

भिंग परत बसवून गॅलरीतून अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर बघितला, तर त्याला एका बाजूनं जांभळी नि दुसऱ्या बाजूनं पिवळट किनार. अण्णा खूश, म्हणाले, बघा, कसे इंद्रधनुष्याचे रंग दिसतात! वहिनी, तेच रंग घालवायला माणसांनी किती डोकं लावलं हो! एकाच भिंगातून जाताना निळा नि तांबडा प्रकाश एका जागी येत नाही, म्हणून ही किनार. दोन जातींच्या काचा जोडल्या की एकीचा दोष दुसरी बरीचशी भरून काढते. लंडनच्या जॉन डॉलंडनं त्याचं पेटंट घेतलं 1758 साली. त्याआधीच चेस्टर मूर हॉल नावाच्या एका वकिलानं असं भिंग करवून घेतलं होतं, पण गाजावाजा केला नाही. म्हातारा डॉलंड 1761 ला गेला आणि त्याच्या मुलानं, पीटरनं, बाकीच्या भिंगवाल्यांना पेटंटवरून कोर्टात खेचलं. ते म्हणाले, शोध मुळात तुमचा नाहीच. कोर्टानं पीटरचीच बाजू घेतली. आपल्याकडच्या बांधाच्या भांडणापेक्षा काही कमी नव्हतं ते.

मग डॉलंडचं नाव एवढं गाजलं की त्याच काळात दुसरे लोक आपल्या मालावर ते नाव घालायला लागले. काही जण स्पेलिंगमध्ये 'ओ'च्या जागी 'ए' घालून मोकळे. म्हणजे नाव वाचून हुरळून जायची सोय तेव्हाही नव्हती. आता तर बाजारात 'केल्विन अँड ह्यूज, लंडन, 1917' कोरलेल्या दुर्बिणींचा नुसता सुळसुळाट. वहिनी, केल्विनची कंपनी वेगळी, ह्यूजची वेगळी. दोघी एकत्र आल्या 1940 च्या दशकात. 1917 ला जोडनाव आलं कुठून?

हा माल बहुतेक आपल्याच देशातला, रुडकीकडचा. हसू नका, तिथं 1847 साली इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, त्याच्या आजूबाजूला मोजणीची नि ड्रॉइंगची उपकरणं करणारे कारागीर वाढले. आता तेच होकायंत्रं, सेक्स्टंट, दुर्बिणी करतात, शोभेच्या. मला विचाराल तर काम वाईट नाही, हात बसलेला आहे. नवी वस्तू म्हणून हजार-दोन हजाराला घेतली तर दिवाणखान्यात छान दिसेल. लबाडी कारागिराची नाही, जुनी म्हणून विकणाऱ्याची.

पण खरी गंमत पुढेच आहे. अण्णांची दुर्बीण बघायला कोपऱ्यावरच्या काकू आल्या होत्या. त्या म्हणाल्या, असली एक काळी नळी आमच्याही माळ्यावर आहे, सासऱ्यांच्या वडिलांची. दुसऱ्या दिवशी पिशवीतून घेऊन आल्या. वर चामडं गुंडाळलेलं, शिवण एका जागी उसवलेली, पितळ अगदी काळपट. नळ्या एकात एक सरकतात, पण कुरकुरत. डोळा लावतो तिथं धूळ जाऊ नये म्हणून छोटी सरकती झडप. पुसट अक्षरं चष्मा लावून वाचली, 'टेल. एससीटी. रेजिट. मार्क टू'. शेजारी बाणाच्या टोकासारखी खूण. माझ्या अंगावर काटा आला. ती खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाचा शिक्का. आणि ती अक्षरं म्हणजे स्काउट रेजिमेंटची दुर्बीण, पहिल्या महायुद्धातली. स्कॉटलंडच्या डोंगरात हरणांच्या मागावर दुर्बिणी घेऊन फिरणारे लोक असतात ना, त्यांच्यातलेच पुष्कळ लोव्हाट स्काउट्स नावाच्या पलटणीत होते. युद्धात ते अशाच दुर्बिणींतून शत्रूचे खंदक न्याहाळायचे. टॉर्च लावला तर जोडभिंग. टॉवर बघितला तर कडा जवळजवळ स्वच्छ, एका कोपऱ्यात तेवढी बुरशीची जाळी.

त्यांचे आजेसासरे मराठा पलटणीत, मेसोपोटेमियाला गेलेले. 1916 च्या एप्रिलमध्ये कुतला वेढ्यात सापडून जी फौज शरण गेली, तीत आपल्या मराठा पलटणी होत्या, ते वाचलंय मी. पण हे आजोबा कुतला होते का, ही दुर्बीण त्यांना तिथंच मिळाली का, हे नळी सांगत नाही. म्हणून काकूंना म्हटलं, ट्रंका उघडा. डिस्चार्जचा कागद, पदक, एखादा फोटो, पत्र, काहीही. असल्या दुर्बिणी हजारोंनी बनल्या, युद्धानंतर सरकारनं विकूनही टाकल्या. इंग्लंडच्या लिलावात अशी सहसा शंभर-दोनशे पौंडांच्या आसपास जाते. लाखांचं सोडा. पण तिच्याबरोबर नाव, पलटण, साल असलेला कागद निघाला तर घेणारा निराळ्या नजरेनं बघतो.

आणि नेमकं त्यांच्या सुनेनं चिंच-मीठ भिजवून ठेवलेलं! म्हणे, लख्ख करून देते आजी. मी ओरडलेच. जुन्या पितळावर लाखेसारखा पातळ मुलामा असतो, तो गेला, अक्षरांच्या कडा झिजल्या की निम्मी किंमत मोरीत. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ टिपायची, बस्स. भिंगाची बुरशी जाणकाराकडून काढून घ्यायची.

त्यांचा भाचा लंडनला आहे, तो म्हणतो पाठवून द्या, मी विकतो. तेही नाही जमायचं. आपला 1972 चा कायदा आहे पुरावस्तूंचा. शंभर वर्षं झालेली असली जुनी वस्तू तुमच्या-माझ्यासारख्यानं देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही. ही दुर्बीण महायुद्धातली, म्हणजे शंभरी उलटलेलीच. म्हणजे बघा, खरी आहे ती साताऱ्यात अडकली, आणि अण्णांची 'लंडन'वाली पुरावस्तू नसल्याचा दाखला काढून खुशाल लंडनला जाऊ शकते.

हे अण्णांना सांगू नका बरं का. रविवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलंय, शनीची कडी दाखवणार आहेत. त्या भिंगातून कडी कुठली दिसायला, जांभळा ठिपका दिसेल. पण मी जाणार आहे. त्यांच्याकडे दडपे पोहे फार चांगले होतात.