दोन व्यासांचा माणूस

डेटनजवळच्या आमच्या वस्तीत ते घर ओळखायला सोपं आहे. मोटार बारा महिने बाहेर उभी, थंडीत तिच्या टपावर वीतभर बर्फ. आत गॅरेजमध्ये मात्र हीटर लावून विमानाचा डावा पंख ठेवलेला. उजवा पंख बैठकीच्या खोलीत सोफ्यामागे असतो. त्याची पाळी अजून यायची आहे. पाहुणे आले की घरच्या बाई त्याच्यावर चादर टाकतात.

गृहस्थ निवृत्त हिशेबतपासनीस. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. आता स्वतःच्या शोधतात, तेही पदरचे पैसे घालून. अमेरिकेत घरी विमान बांधायला कायद्याची आडकाठी नाही. अट एवढीच, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असावं. गृहस्थांचा चेहरा बघून या दोहोंपैकी काय चाललंय ते सांगता येत नाही.

संच ओरेगनहून आला. आरव्ही-7, दोन आसनी. या घराण्यातली 11,000 हून जास्त विमानं आजवर उडाली आहेत, तेव्हा हा उद्योग वेडगळ नाही. उद्योग करणाऱ्यांबद्दल मी तितक्या खात्रीने बोलणार नाही. कारण ही माणसं विमान बांधतच नाहीत. ती विमानाचा एखादा भाग धरून बसतात. आमच्या गृहस्थांनी टाकीचे ब्रॅकेट धरले.

या विमानात पंखाचं नाक हीच पेट्रोलची टाकी. एका बाजूला 21 गॅलन, म्हणजे साधारण 80 लिटर. कडेने पत्र्याचे स्क्रू असतात, पण टाकीची मागची भिंत पंखाच्या कण्याला, म्हणजे स्पारला, धरून ठेवतात ते झेडच्या आकाराचे अॅल्युमिनियमचे ब्रॅकेट. झेडचा एक पाय टाकीला रिव्हेटने, दुसरा स्पारला बोल्टने. बोल्ट स्पारच्या मागून घालायचा आणि तो ब्रॅकेटवर आधीच बसवलेल्या नटप्लेटमध्ये जाऊन फिरायला हवा. टाकी जागेवर बसली की आत काय घडलं ते कुणाला दिसत नाही. भोकाला भोक जुळलं नाही, तर बोल्ट फिरता फिरता अडतो आणि मग वस्तीतल्या मुलांना इंग्रजीचे नवे शब्द कळतात.

भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून बोल्टच्या दोन व्यासांइतका तरी आत असावा, असा विमानकामातला जुना दंडक आहे. बोल्ट 3/16 इंचाचा, तेव्हा अंतर 3/8 इंच. तुम्ही-आम्ही एवढं वाचून पुढे जाऊ. गृहस्थ तिथेच राहायला गेले.

आता त्यांना जगात दुसरं काही दिसत नाही. आमच्याकडे सत्यनारायणाला आले होते. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन देवघराच्या फळीकडे एकटक बघत म्हणाले, "कडेला फार जवळ आहे." आमच्या सौभाग्यवतींना वाटलं निरांजनाबद्दल बोलतायत, तिने ते आत सरकवलं. गृहस्थ फळीच्या स्क्रूबद्दल बोलत होते. पुढे एका शेजाऱ्याच्या अंत्यविधीला सगळे माना खाली घालून उभे असताना, शवपेटीच्या कड्या नीट अंतरावर बसवलेल्या बघून यांनी समाधानाने मान हलवली. लोकांना वाटलं, केवढी ही श्रद्धा.

ब्रॅकेट झाले की लुकण. टाकीचा सांधा न सांधा राखाडी पॉलिसल्फाइडने भरायचा. दोन डब्यांतला माल वजनाने दहास एक मिसळायचा, त्यासाठी स्वयंपाकघरातला काटा गॅरेजमध्ये गेला आणि तिकडचाच झाला. या लुकणाला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि ते सांध्याखेरीज सगळीकडे छान चिकटतं: दाराच्या मुठीला, चष्म्याच्या काडीला, कुत्र्याच्या कानाला. गळतीशी असं हाडवैर असलेल्या या माणसाच्या घरचा नळ मात्र कित्येक वर्षं ठिबकतो आहे. बाई एकदा म्हणाल्या, "तो नळ पंखाला लाव, म्हणजे दुरुस्त होईल."

मग चाचणी. टाकीची सगळी तोंडं बंद करून एका नळीला वाढदिवसाचा फुगा बांधायचा आणि सायकलच्या पंपाने हलकेच हवा भरायची. फुगा टुमटुमीत राहिला तर टाकी पास. संध्याकाळी फुगा फुगलेला होता. रात्री उठून पाहिलं तर मलूल. गृहस्थांनी पहाटेपर्यंत रिव्हेट न रिव्हेट साबणाच्या पाण्याने पुसून काढला. बुडबुडा एक नाही. उन्हं आली तसा फुगा आपोआप वर आला. गार हवा आकसते, ऊन हवा फुगते, हे शाळेत शिकवलेलं असतं. पण तेव्हा त्यात आपली टाकी नसते. आता फुग्याचा घेर, गॅरेजचं तापमान आणि हवेचा दाब असे तीन रकाने आखलेली वही आहे. माझा अंदाज, त्यातला ताळा अजून लागलेला नाही.

राईट बंधू आमच्या डेटनचे. त्यांच्याबद्दल गावात वाकडा शब्द कुणी काढत नाही, हे गृहस्थ सोडून. 1903 च्या विमानाची टाकी वरच्या पंखाखाली एका उभ्या दांडीला बांधलेली होती. पेट्रोल आपल्या वजनाने खाली यायचं. "बांधलेली!" गृहस्थ म्हणाले आणि गप्प झाले.

मुंबईची अब्रू राखायला मी त्यांना अमोल यादवांची हकीकत सांगितली. कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारा वैमानिक. 2016 साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिलं. हे ऐकणारा प्रत्येक माणूस विचारतो, गच्चीवरून खाली कसं उतरवलं? गृहस्थांनी विचारलं, "टाकी कशावर बसवली आहे?" मला सांगता आलं नाही. माझ्याबद्दलचं त्यांचं मत तिथून उतरलं.

उजव्या पंखाचे ब्रॅकेट डाव्याचे आरशातले भाऊ असतात. गृहस्थांनी दुसरा संच केला तो सोळा आणे निर्दोष, कडेपासून मोजून घेतलेला, भोकांची बर काढून गुळगुळीत केलेला, आणि पुन्हा डावाच. बाईंना वाटलं, आता हे हाय खातील. पण हिशेब चुकल्याचं दुःख चूक कुठे आहे ते न सापडण्यात असतं. इथे ती सापडली होती. त्यांनी नवा माल मागवला आणि हा संच खिशात घालून जुलैअखेर ऑशकॉशला गेले. मीही गेलो.

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावी 1970 पासून, 2020 चं साल सोडलं तर, दरवर्षी विमानांची जत्रा भरते. वर लढाऊ विमानं गर्जत होती, लाखभर माना आकाशाकडे. गवतावर रांगेने लावलेल्या घरगुती विमानांत गृहस्थ एका पंखाखाली पाठीवर झोपून टॉर्च मारत होते. मालक आला. मला वाटलं आता भांडण. मालक वाकला, म्हणाला, "आतला तिसरा बघ," आणि शेजारी आडवा झाला. खिशातले ब्रॅकेट बाहेर निघाले. पंखाखालून फक्त दोन जोडी बूट दिसत होते. तेवढ्यात आणखी एक जण टॉर्च घेऊन आला आणि "जागा आहे का?" विचारून आत शिरला.