समुद्राची पीकपाहणी

रेणापूरच्या माणसाला कुठला समुद्र लागू होतो, याचा निकाल भूगोलाने केव्हाच दिला आहे. आमची रेणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. कागदोपत्री आमचा समुद्र पूर्वेचा. पण भाच्याला नोकरी मुंबईत लागल्यामुळे मी अरबी समुद्रात उतरलो. तेही पाणी नसताना.

"मामा, उद्या पहाटं पाणी लई आत जाणाराय. चला!" भाचा आनंदानं म्हणाला. पाणी हटतंय म्हणून खूश होणारा लातूरकर मी प्रथमच पाहिला. आमच्याकडे पाणी हटलं की टँकर येतो. 2016 साली तर मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मुंबईत पाणी हटलं की स्वयंसेवक येतात.

हे 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले. 2017पासून ही मंडळी हाजी अली, गिरगाव, जुहू इथल्या किनाऱ्यांवर ओहोटीत वाकून हिंडतात. तिथी यांनाही पाहावी लागते, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी. उपास मात्र कोणी धरत नाही.

खडकांच्या डबक्यात समुद्रफुलं, प्रवाळ, कवच टाकून दिलेल्या रंगीत गोगलगायी. एक खेकडा दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहत होता. अंग वाढलं की तो मोठा शंख गाठतो. मुंबईत गरजेप्रमाणे मोठी जागा मिळवणारा एवढा एकच रहिवासी मला भेटला.

"एखादा गावाकडं न्यावा का रं?"

"मामा, हात लावायचा नाही. फोटो काढायचा, ठिकाण टाकायचं, आयनॅचरॅलिस्ट ॲपवर चढवायचं."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ही तर ई-पीक पाहणी! आम्हीही 2021पासून बांधावर उभे राहून सोयाबीनचा फोटो मोबाईलमध्ये भरतो. रेंज मिळवण्यासाठी हात वर करून उभं राहणंही तेच. फरक इतकाच की सोयाबीन फोटोच्या वेळी बिळात पळत नाही.

आणि नोंदीची किंमत मराठवाड्याला शिकवावी लागत नाही. समुद्रातही तेच. प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाशेजारी जागा आहे. पण प्रवाळ तिथं आहे हे कुणाला ठाऊक असेल, तरच कायदा कामाचा. सागरी किनारा मार्गाच्या कामात 2020 साली हाजी अली आणि वरळीच्या 18 प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या गेल्या. धरणग्रस्तांच्या पिढ्या कचेऱ्यांत खेटे घालताना पाहिलेल्या माणसाला या पुनर्वसनाचा वेग थक्क करून गेला. नोंदच नसती, तर प्रवाळाचा 'प्रकल्पग्रस्त' म्हणूनही विचार झाला नसता.

तेव्हा मुंबईत असाल तर एखाद्या अमावास्येला चांगली पकड असलेले बूट घालून जा. रेणापुरात असाल तर उन्हाळ्यात रेणा प्रकल्पाचं पाणी हटेल तेव्हा काठानं फिरा. नोंद तिथलीही कुणीतरी करायला हवी. दगड उचलून खाली काय आहे ते बघा, फोटो काढा आणि दगड होता तसा परत ठेवा. खालच्याचं घर आहे ते.